आल्प्समधल्या एका गढीपर्यंत: दोन निवृत्त बहिणींचा व्हिसा आणि प्रवास

मे २०२५ मध्ये मी आणि माझी धाकटी बहीण इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या आओस्ता खोऱ्यात जाऊन आलो. आम्ही चौकशी केली त्या एकाही टूर कंपनीच्या कार्यक्रमात हे खोरं नव्हतं, त्यामुळे पासपोर्टपासून बसच्या तिकिटापर्यंत सगळं स्वतःच करावं लागलं. दोघींनी साठी ओलांडली आहे. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, ती बँकेतून. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, नाव काढलं की आमच्या वयाच्या मैत्रिणी लांबूनच हात जोडतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना रोम-व्हेनिस सोडून वेगळंच काही बघायचं आहे त्यांच्यासाठी, हे क्रमाने लिहिते आहे.

जायचं का होतं ते आधी सांगते, कारण व्हिसाच्या अर्जातही शेवटी हेच सांगावं लागलं.

माझी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात झाली. मुलांची सहल सिंदखेडराजाला न्यायची, लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं ते भव्य प्रवेशद्वार दाखवायचं, जिजाऊंच्या जन्मस्थानी मुलांना बसवून गोष्ट सांगायची, हे माझं आवडीचं काम. त्या भागात गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या आहेत. बहुतेकांचे बुरूज ढासळलेत, माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेली, वारसांचे वाद कोर्टात आहेत. मुलं विचारायची, "बाई, हा किल्ला का?" किल्ला नाही आणि नुसता वाडाही नाही. इथे देशमुख राहायचे, धान्य साठवायचे, वसुली इथूनच चालायची आणि वेळ आली तर दार लावून आतून लढायचे.

अशीच तटबंदीची घरं मध्ययुगात आल्प्सच्या खोऱ्यांतही बांधली गेली. आओस्ता खोरं म्हणजे दोरा बाल्तेआ नदीचं खोरं. वर माँ ब्लाँ हे शिखर, इकडे पिएमाँतचं मैदान, आणि मधल्या वाटेवरून रोमन काळापासून फ्रान्स-स्वित्झर्लंडकडे जाणारी वर्दळ. वाट ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. म्हणून या चिंचोळ्या खोऱ्यात बुरूज, गढ्या आणि किल्ल्यांची एवढी गर्दी आहे. त्यात इसोन्ये गावचं घर मला फोटोत पाहिल्यापासून खुणावत होतं. ११५१ च्या पोपच्या एका फर्मानात इथे आओस्ताच्या बिशपच्या मालकीची तटबंदीची इमारत असल्याचा उल्लेख आहे. पुढे १३३३ मध्ये तिच्यावर हल्ला होऊन नुकसान झालं, १३७९ मध्ये ती शालाँ या सरदार घराण्यातल्या इब्लेतोकडे आली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याच घराण्यातल्या जॉर्ज नावाच्या धर्मगुरूने तिचं राहतं, रंगवलेलं, बागेचं घर केलं. हे बदलणं प्रत्यक्ष बघायचं होतं.

सुरुवात नोव्हेंबर २०२४ मध्ये पासपोर्टने झाली. माझा पासपोर्ट चालू होता, बहिणीचा संपत आला होता. शेंगेनसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध हवा, गेल्या १० वर्षांतला हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. ३६ पानी पासपोर्टच्या नूतनीकरणाची सरकारी फी १,५०० रुपये. ऑनलाइन अर्ज, वेळ घेऊन केंद्रावर जाणं, आणि मग पोलीस पडताळणी. पडताळणीला घरी कोणीतरी असावं आणि आधार, वीजबिल यांच्या प्रती हाताशी असाव्यात, एवढंच. डिसेंबर संपायच्या आत नवा पासपोर्ट पोस्टाने आला. तुम्हाला उन्हाळ्यात जायचं असेल तर दिवाळी झाली की पासपोर्ट उघडून तारीख बघा.

पुढचा प्रश्न, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? नियम सरळ आहे. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दोन देशांत सारखेच दिवस असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. जिनिव्हात उतरून डोंगरापलीकडे यावं असा मोह झाला होता, पण मिलानला उतरून इटलीतच राहायचं आणि इटलीकडेच अर्ज करायचा असं ठरवलं. कागद सोपे झाले.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. अर्ज व्हिसा केंद्रावर स्वतः जाऊन द्यायचा असतो, आणि खरी अडचण त्या भेटीच्या वेळेची. जानेवारीत माझा भाचा रोज केंद्राचं संकेतस्थळ उघडून बघायचा आणि मुंबईची तारीख मिळायची नाही. मध्येच एका एजंटचा फोन आला की पैसे द्या, उद्याची वेळ देतो. बहिणीने फोनवरच नाही सांगितलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मार्चच्या मध्याची वेळ आपोआप दिसली आणि दोघींची एकत्र मिळाली. धीर सुटतो या काळात, हे खरं. विमानाचे दर वाढताना दिसत असतात, हॉटेलं भरत असतात, आणि आपल्या हातात काही नसतं. त्या दिवसांत मी कागद जमवायला घेतले, त्याने मन जाग्यावर राहिलं.

नोकरी करणाऱ्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात. निवृत्तांचं थोडं वेगळं असतं. कंपनीचं पत्र, रजेचा दाखला यांच्या जागी आम्ही निवृत्तिवेतन आदेशाची प्रत लावली आणि बँकेच्या उताऱ्यात पेन्शन जमा झाल्याच्या नोंदी खुणा करून दाखवल्या. आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या जोडल्या. बँकेचा उतारा मोबाइलवरून काढलेला न देता शाखेत जाऊन शिक्का आणि सही घेतलेला दिला. बहिणीचं बँकेतलं आयुष्य इथे कामी आलं. ती म्हणाली, "ताई, अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नकोस. तपासणाऱ्याला पहिली तीच दिसते." म्हणून मुदत ठेवी मोडल्या नाहीत, त्यांच्या पावत्याच वेगळ्या जोडल्या.

परत येणार याचा पुरावा म्हणून तिने शेताचा सातबारा लावला. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरी केला. हा कागद सक्तीचा नाही, पण आपल्यासारख्यांची मुळं कुठे आहेत ते त्यातून नेमकं कळतं. माझ्या नावावर घर आहे, त्याची करपावती मी लावली.

प्रवास विम्याला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं, सगळ्या शेंगेन देशांत लागू हवं आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात यायला हवा. साठीनंतर हप्ता वाढतो आणि रक्तदाब, मधुमेह यांच्याबद्दल अटी असतात. त्या अटी पॉलिसी घेण्याआधी वाचा. दोन-तीन कंपन्यांच्या अटींत बराच फरक आढळला. हॉटेलं रद्द करता येतील अशी घेतली, आणि एकही रात्र रिकामी राहणार नाही असं बघितलं. विमानाचं नुसतं आरक्षण दाखवलं, तिकिटाचे पैसे व्हिसा आल्यावर भरले. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, अलीकडचा. स्टुडिओत गेल्यावर शेंगेनचा फोटो असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने नेहमीचा काढून देतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पत्रावर. अर्जासोबत सहलीचा हेतू सांगणारं एक पत्र जोडायचं असतं. नेटवर त्याचे तयार नमुने आहेत: इटलीची समृद्ध संस्कृती पाहण्याची आमची इच्छा आहे, वगैरे. पण आमचा मुक्काम मुख्यतः व्हेर्रेस नावाच्या छोट्या गावात होता. दोन भारतीय बायका तिथे का राहणार, हा प्रश्न कोणालाही पडेल. मग मी जे खरं होतं तेच लिहिलं. मी इतिहास शिकवला, आमच्या भागात तटबंदीची घरं आहेत, तशाच प्रकारचं इसोन्येचं घर जपलं गेलं आहे आणि ते मला बघायचं आहे. व्हेर्रेस तिथून नदीपलीकडे चालण्याच्या अंतरावर आहे, म्हणून मुक्काम तिथे. एक दिवस फेनिसचा किल्ला, एक दिवस आओस्ता शहर. शेवटी तोरिनो (ट्युरिन) शहर आणि परत. कुठल्या दिवशी कुठे, कुठली बस, कुठे झोपणार, याचा तक्ता पत्रामागे लावला. पत्र एका पानात बसवलं. ते लिहून झाल्यावर बाकीचे कागद त्याच क्रमाने लावता आले आणि फाइलला आकार आला.

मार्चमध्ये देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठली. भेटीच्या वेळेच्या फार आधी आत सोडत नाहीत आणि मोठी बॅग नेऊ देत नाहीत. सामान नातेवाइकांकडे ठेवूनच केंद्रावर जा. काउंटरवरच्या मुलीने यादीप्रमाणे कागद लावून घेतले. पत्र वाचताना ती थांबली आणि म्हणाली, "आजी, हे गाव कुठे आलं?" मी तक्त्यामागचा नकाशा दाखवला. तिने तोही फाइलमध्ये घेतला.

व्हिसा फी मोठ्या माणसांना ९० युरो, म्हणजे त्या वेळी साधारण साडेआठ हजार रुपये. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. शिवाय खास प्रतीक्षागृह, मोबाइलवर संदेश, झेरॉक्स अशा जादा सेवा विचारतात. त्या ऐच्छिक आहेत, नको असतील तर नको म्हणायचं. आम्ही फक्त पासपोर्ट कुरिअरने घरी पाठवण्याचे पैसे भरले.

मग दहाही बोटांचे ठसे. माझे पटकन उमटले, बहिणीचे उमटेनात. आयुष्यभर नोटा मोजलेली बोटं, त्यात वयाने रेषा पुसट झालेल्या. तिचा चेहरा उतरला. तिथल्या मुलाने शांतपणे हात पुसायला आणि थोडं क्रीम लावायला सांगितलं, आणि एकेक बोट दाबून धरून ठसे घेतले. वयस्कर माणसांनी आठवडाभर आधीपासून हाताला रात्री तेल किंवा मलम लावावं, फार उपयोग होतो. हे ठसे यंत्रणेत ५९ महिने राहतात, तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर सहसा नव्याने द्यावे लागत नाहीत.

निर्णयाला नियमाने १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. पासपोर्ट त्यांच्याकडे, आपण घरी. गुढीपाडवा या वाट पाहण्यातच गेला. बहीण दिवसातून अनेकदा अर्जाची स्थिती बघायची आणि मला फोन करायची, "ताई, अजून तेच आहे." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुरिअर आलं. पाकीट तिने एकटीने उघडलं नाही, माझ्याकडे घेऊन आली.

व्हिसा हातात आला की नीट वाचा. त्यावर दोन तारखा असतात, पासून आणि पर्यंत, आणि वेगळ्या रकान्यात राहण्याच्या दिवसांची संख्या. तारखांमधलं अंतर सहसा १५ दिवसांनी जास्त दिलेलं असतं, विमान पुढेमागे झालं तर सोय म्हणून. राहायचं मात्र त्या दिवसांच्या संख्येइतकंच. नाव, पासपोर्ट क्रमांक, एकदा प्रवेश की अनेकदा, हेही त्याच वेळी तपासा.

मे महिन्यात आखातातल्या एका विमानतळावर बदलून मिलानच्या माल्पेन्साला उतरलो. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कुठे राहणार आणि परत कधी, एवढंच विचारलं. पत्राची प्रत हातात होती, तीच दाखवली. थेट इटलीत उतरल्यावर तेव्हा पासपोर्टवरचा शिक्का पुरायचा. दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत आलात तर ८ दिवसांत हजेरी नोंदवायची असते, पण हॉटेल आपली नोंद पोलिसांकडे करतं तीच चालते. म्हणूनच प्रत्येक हॉटेलात पासपोर्ट मागतात. घाबरायचं कारण नाही.

मिलानहून किव्हासो, तिथे गाडी बदलून इव्रेआ. पुढे इव्रेआ ते आओस्ता हा रेल्वेमार्ग विद्युतीकरणाच्या कामासाठी २०२४ च्या उन्हाळ्यापासून बंद होता, आम्ही गेलो तेव्हा त्याऐवजी बस होत्या. जुन्या प्रवासवर्णनांत ही माहिती नसते. बस स्थानकाबाहेरूनच सुटते, पण दोन बसमधलं अंतर बघून ठेवावं, संध्याकाळनंतर त्या कमी होतात. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो.

इव्रेआ सोडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. बार्द इथे तर खोरं एवढं आवळतं की खडकावरच्या किल्ल्याखालून रस्ता आणि नदी कशीबशी निघते. १८०० मध्ये नेपोलियनच्या सैन्याला या जागेने दोन आठवडे अडवून धरलं होतं. बसमधून तो वळसा बघताना मला दिवेघाट नाही, काही नाही, फक्त वर्गात शिकवलेला नकाशा आठवला. खिंड अडवणं म्हणजे काय ते डोळ्यांनी कळलं.

व्हेर्रेसला पोहोचलो तेव्हा पाऊस होता. हॉटेल साधं, मालकीणबाई बोलक्या, भाषा इटालियन आणि फ्रेंच. या स्वायत्त प्रदेशात दोन्ही अधिकृत आहेत. आम्हाला दोन्ही येत नाहीत. फोनवरचं भाषांतर आणि हातवारे यांवर चाललं. दुपारी दुकानं बंद होतात, रविवारी बहुतेक सगळीच. शनिवारी फळं, दही, पाव घेऊन ठेवा. बहीण शाकाहारी आहे. पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, त्यावर फॉन्तिना चीज, हे तिला मनापासून आवडलं. ब्रेड, कोबी आणि फॉन्तिनाचं एक स्थानिक सूप मिळतं, ते दिसायला शाकाहारी असलं तरी सहसा मांसाच्या रश्शात करतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून इसोन्येला चालत गेलो. हिवाळ्यात सोमवारी ते बंद असतं, आम्ही गेलो त्या मोसमात रोज उघडं होतं. निघण्याआधी त्या महिन्याची वेळ प्रदेशाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

बाहेरून हे घर बघून तुम्ही पुढे निघून जाल. गावाच्या मधोमध, सपाटीवर, उंच कोऱ्या भिंती, कोपऱ्यांना थोडे उंच बुरूज. ना टेकडी, ना खंदक. दार ओलांडून अंगणात आलं की समोर तो कारंजा. अष्टकोनी दगडी कुंड आणि त्यातून उगवलेलं लोखंडी झाड. फळं डाळिंबाची आणि पानं ओकची. डाळिंब आपल्या रोजच्या ओळखीचं फळ. ते आल्प्समध्ये, पाचशे वर्षांपूर्वीच्या लोहाराने घडवलेलं बघून बहीण कितीतरी वेळ कुंडाच्या कडेला उभी राहिली. घराने तीन बाजूंनी अंगणाला वेढलंय, चौथी बाजू बागेची. अंगणाकडच्या भिंतींवर शालाँ घराण्याची आणि सोयरिकींची मानचिन्हं रंगवलेली आहेत. घरातल्या मुलांनी येता-जाता आपली वंशावळ बघावी म्हणून. त्याला नावच आहे, शालाँच्या मुलांसाठी आरसा.

आणि मग ओसरीतली चित्रं, ज्यांच्यासाठी मी आले होते. कमानींखालच्या अर्धगोल भिंतींवर सात दृश्यं आहेत आणि त्यांत एकही राजा नाही. पाववाला, खाटीक, शिंपी कापड कापतोय, औषधवाल्याच्या मागे बरण्यांनी भरलेली फडताळं, भाजीबाजारात बायाबापड्यांची गर्दी, पहाऱ्याची चौकी जिथे शिपाई खेळात रमलेत आणि त्यांची शस्त्रं भिंतीवर टांगलेली. चीज विकणाऱ्याच्या दुकानात रचलेली चाकं आहेत. फॉन्तिनाचं सर्वात जुनं चित्र म्हणून ती ओळखली जातात. आदल्या रात्री ताटात होतं तेच. इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या असतात, बाजार नसतो, अशी माझी तक्रार आयुष्यभर होती. इथे घराच्या मालकाने दारातच बाजार रंगवून घेतला होता. ज्या शिपायांनी दार राखायचं, त्यांचं चित्रही त्या रांगेतलं एक दुकान असल्यासारखं आलंय. गढीचं घर झालं म्हणजे काय झालं, ते मला त्या चौकीच्या चित्रात दिसलं.

हे सगळं साधारण १४९० ते १५१० या काळातलं. जॉर्ज द शालाँ हा आओस्ताच्या सेंट उर्सुसच्या मठाचा प्रमुख. चुलतभाऊ वारल्यावर त्याची विधवा मार्गरीत आणि तिचा मुलगा फिलिबेर यांच्यासाठी त्याने हे घर नव्याने उभं केलं. वेगवेगळ्या काळातल्या इमारती जोडून एक केलं. म्हणून वरच्या खोल्यांतून फिरताना जोडकाम जाणवतं. त्याआधी, १४१४ मध्ये, पुढे सम्राट झालेला सिगिस्मुंड या घरी पाहुणा होता, आणि १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स. एका खोलीला आजही फ्रान्सच्या राजाची खोली म्हणतात, तिच्या छताच्या चौकटींत फ्रेंच राजचिन्हातली लिलीची फुलं आहेत.

आत गटाने, मार्गदर्शकासोबतच जायचं असतं, आणि आमचा गट इटालियन होता. आदल्या रात्री मी खोल्यांचा क्रम मराठीत वहीत लिहून नेला होता, तो बहिणीला हळू आवाजात सांगत गेले. तुम्हीही असं काही करून जा, नाहीतर नुसती छतं बघून बाहेर पडाल. चक्राकार दगडी जिना अरुंद आहे. बहिणीचे गुडघे दुखतात, ते लक्षात येताच मार्गदर्शक मुलीने आम्हाला सगळ्यांत शेवटी, सावकाश यायची खूण केली.

भिंतींवर जागोजागी टोकदार वस्तूने कोरलेली वाक्यं आहेत. पाहुणे, नोकर, घरचे लोक, शतकानुशतकं. पैशाबद्दल, प्रेमाबद्दल, मृत्यूबद्दल, बहुतेक फ्रेंच किंवा लॅटिन. आपल्याकडे गडांवर नावं कोरणाऱ्यांवर मी आयुष्यभर रागावत आले आणि पुढेही रागावेन. पण इथली अक्षरं घरात राहणाऱ्यांची आहेत आणि इतिहासकारांनी ती दस्तऐवज म्हणून वाचली आहेत.

पुढची कथा आपल्या कोणत्याही गढीची असू शकते. १५६५ मध्ये रने द शालाँ मुलगा नसताना वारला. मुलीच्या सासरचे आणि शालाँ घराण्याचे इतर वारस यांच्यात शतकभराहून जास्त काळ वाद चालला. घर परत मिळालं तोवर घराण्यात पैसा उरला नव्हता. पुढे सामान विकलं गेलं, खोल्या रिकाम्या झाल्या. १८७२ मध्ये तोरिनोचे चित्रकार व्हित्तोरिओ आव्होन्दो यांनी लिलावात ते घेतलं. त्यांनी विकलं गेलेलं फर्निचर शोधून शोधून जमेल तेवढं परत आणलं, जे मिळालं नाही त्याच्या नकला करवल्या, डागडुजी केली, आणि १९०७ मध्ये सगळं घर सरकारला देऊन टाकलं. १९४८ पासून ते आओस्ता प्रदेशाकडे आहे. एका माणसाने हे केलं. मी बागेच्या बाकावर बसून हे बहिणीला सांगत होते तेव्हा तिने सरळ विचारलं, "आपल्या इकडच्या वारसांना कोणी हे सांगितलंय का?" मी परतल्यावर एका ओळखीच्या देशमुख कुटुंबाला फोटो दाखवायला गेले. त्यांचा वाद मिटलेला नाही, पण गढीतली माती उचलणं बंद करायला दोन्ही बाजू तयार झाल्या.

दुपारी व्हेर्रेसचा किल्ला चढलो. इब्लेतोनेच बांधलेला, १३९० चा. सुमारे ३० मीटर बाजूचा दगडी चौकोनी ठोकळा, अडीच मीटर जाड भिंती. एकाच घराण्याच्या दोन वास्तू समोरासमोर, एक लढायची आणि एक राहायची. चढ दमवणारा आहे, पाणी बरोबर ठेवा. फेनिसला दोन दिवसांनी बसने गेलो. भित्तिचित्रं सुंदर, गर्दी खूप. आधुनिक काळात त्या किल्ल्यात गोठा आणि गवताची वखार होती आणि १८९५ मध्ये आल्फ्रेदो द'आंद्रादे यांनी तो विकत घेऊन दुरुस्त केला, हे ऐकलं तेव्हा पुन्हा आमच्याकडच्या गढ्या डोळ्यांसमोर आल्या.

खर्चाचं लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. विमान माणशी पंचावन्न हजारांच्या आसपास पडलं, तेही महिनाभर आधी घेतल्यामुळे. व्हिसा, सेवाशुल्क, कुरिअर, विमा आणि मुंबईची फेरी धरून माणशी वीस हजार. व्हेर्रेसमधली खोली तोरिनोपेक्षा बरीच स्वस्त. प्रवास सगळा बस-रेल्वेचा, टॅक्सी एकदाही केली नाही. हॉटेलात दर रात्री थोडा स्थानिक कर वेगळा रोख मागतात, तेवढी नाणी जवळ ठेवा.

आमच्यानंतर जाणाऱ्यांसाठी एक बदल आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो तिथेच घेतात. त्याची वेगळी फी नाही, पण रांग लांबू शकते. माल्पेन्साहून पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये निदान तीन तास मोकळे ठेवा, आणि इव्रेआच्या पुढची शेवटची बस किती वाजता आहे ते घरून निघतानाच कागदावर लिहून घ्या.